दसऱ्यापासूनचा विमा

उल्का सबनीसने सिंगापुरात बावीस वर्षांत सात खोल्या बदलल्या. खोल्याच, घरं नव्हेत. दुसऱ्याच्या फ्लॅटमधली एक खोली, फ्रीजमधला एक कप्पा, आणि भाड्याच्या जाहिरातीतच घातलेली अट: लाइट कुकिंग ओन्ली. म्हणजे नूडल्स उकळा, अंडं उकडा, पण फोडणीचं नाव काढू नका. शेवटची घरमालकीण तर हिंगाचा वास आला की सगळ्या खिडक्या उघडायची आणि दिवसभर तोंड फिरवून बसायची. उल्काने एका प्लेटची विजेची शेगडी घेतली आणि निमूटपणे मुगाची खिचडी खात राहिली. आंग मो किओ भागातल्या एका कंपनीचे सगळे हिशेब जिच्या सहीशिवाय पुढे जात नसत, तिला संध्याकाळी चार मोहऱ्या तडतडवायची चोरी!

एकट्या बाईला इथे सरकारी फ्लॅट घ्यायचा तर नागरिक व्हावं लागतं. ती तेही झाली. भारताचा पासपोर्ट रद्द होऊन हातात आला तेव्हा ती वकिलातीबाहेरच्या पायरीवर थोडा वेळ बसली, मग एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडून ऑफिसला गेली. आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिला बुकित बातोकला सहाव्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट सापडला. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. ती पाहिली आणि बाकीचं घर तिने धड पाहिलंच नाही. नवा ओटा, गॅस, चिमणी, मसाल्यांचे खण, सगळं तिने कागदावर काढलं, त्यासाठी पैसे बाजूला ठेवले आणि सुताराला सांगूनही टाकलं.

ताबा पंधरा सप्टेंबरला मिळायचा होता. त्याआधी आगीचा विमा भरावाच लागतो. तो भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही. पण तो फक्त आगीचा. पाणी गळलं, खालच्यांचं नुकसान झालं, तर त्यासाठी घराचा वेगळा विमा असतो. सक्ती नाही, पण शहाणी माणसं ताब्याच्या दिवसापासून तो घेतात. उल्का शहाणीच होती. फॉर्म भरून तयार होता. तेवढ्यात पुण्याहून सुबोधदादाचा फोन आला.

"पंधरा सप्टेंबर? अगं, पितृपक्ष आहे तो! त्यात कुणी घर घेतं का?"

"दादा, तारीख माझ्या हातात नाही. विकणारे निघालेत."

"मग किल्ली घे, पण आत पाऊल टाकू नकोस. आणि घराच्या नावाने नवीन काही सुरू करू नकोस. मी गुरुजींना विचारून तुझा मुहूर्त काढून ठेवलाय. दोन ऑक्टोबर, दसरा. मी आणि सरोजिनी येतो, वास्तुशांत करू. तू काळजी करू नकोस, मी आहे ना."

आता दसऱ्याला मुहूर्त काढावा लागत नाही, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक तो. त्या दिवशी पंचांग बघायचंच नसतं. उल्कालाही ते पक्कं माहीत होतं. पण तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलं, त्यानंतर त्या घरात तिच्यासाठी कुणी पंचांग उघडलं नव्हतं. तिने आईच्या औषधांना पैसे पाठवले, क्षितिजच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या, कॉलेजची फी भरली. तेव्हा कुणी 'मी आहे ना' म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. एक्कावन्न वर्षांच्या बाईला, एका खोट्या मुहूर्तासाठी.

आगीचा विमा तिने पितरांची मनातल्या मनात माफी मागून भरला. घराच्या विम्याच्या फॉर्मवर मात्र सुरुवातीची तारीख निवडायची सोय होती. दुसऱ्यांच्या कागदांवरच्या चुकलेल्या तारखा आयुष्यभर लाल पेनाने पकडणाऱ्या उल्काने स्वतःच्या हाताने निवडलं: दोन ऑक्टोबर. पंधराला तिने सह्या केल्या, किल्ल्या घेतल्या, लाल कापडात बांधल्या आणि भाड्याच्या खोलीत देवासमोर ठेवल्या. नव्या घराकडे ती फिरकलीसुद्धा नाही.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी, घराच्या एजंटचा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुठून तरी त्याचा नंबर मिळवला होता.

उल्का पोचली तेव्हा नव्या घराच्या दारावर चिकटपट्टीने लावलेले चार कागद होते. पहिल्यावर 'प्लीज', शेवटच्यावर नुसती उद्गारचिन्हं. तिने लाल कापड सोडलं, किल्ली फिरवली आणि आत पाऊल टाकलं. पाऊल पाण्यात पडलं. उजवं होतं की डावं, हे तिला नंतर कितीही आठवलं तरी आठवेना. सिंकखालची नळी फुटली होती आणि स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. तिने वाकून कॉक बंद केला. एवढंच काम होतं. पहिल्या दिवशी दार उघडलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं.

मागून खालच्या मजल्यावरच्या लिम आंटी वर आल्या. सत्तरीच्या, पायात सपाता. "इलेव्हन डेज लाह! आय नॉक, आय नॉक, नोबडी ओपन. यू बाय हाऊस, व्हाय यू नेव्हर कम?"

काय सांगणार? पितृपक्ष इंग्रजीत कसा सांगायचा? ती "सॉरी आंटी, सॉरी" म्हणत राहिली. खाली जाऊन पाहिलं. छत फुगून पडलेलं, कपाटं तळापासून सुजलेली, तांदळाचा डबा भिजलेला. आंटी भांडल्या नाहीत. त्यांनी भिजलेला तांदूळ दाखवला आणि त्या खुर्चीवर बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

विमा कंपनीच्या मुलीने फोनवर गोड आवाजात तारीख वाचून दाखवली. दोन ऑक्टोबर. आपणच निवडलीत, मॅडम. आंटींचं छत, कपाटं, रंग, सगळं उल्काला भरावं लागलं, आणि तेवढेच पैसे तिच्याकडे होते. सुताराला तिने नको म्हणून कळवलं.

दादाला तिने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मी आपलं सुचवलं. तू तिथे एवढी वर्षं राहिलेली, हिशेबातली हुशार. विम्याला कुणी मुहूर्त लावतं का?" आणि जाता जाता असंही म्हणाला, की यंदा येणं जमेल असं वाटत नाही, दसऱ्याला क्षितिजची गाडी घ्यायची आहे, गेल्या महिन्यातच बुक केली होती.

गेल्या महिन्यात. म्हणजे मुहूर्त गाडीचाच होता. तिचं घर त्यावर फुकटात बसवलं होतं.

दसऱ्याला उल्का एकटीच नव्या घरात आली. दाराला झेंडूचं तोरण बांधलं. ओलीने उखडलेल्या ओट्यावर जुनी एका प्लेटची शेगडी मांडली आणि खिचडी टाकली. फोडणी करताना सवयीने तिने स्वयंपाकघराचं दार आधी लावून घेतलं. लावल्यावर लक्षात आलं, पण उघडायला ती गेली नाही. तेवढ्यात फोनवर विमा कंपनीचा संदेश आला: आजपासून तुमचं घर सुरक्षित आहे.

दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मागे हार घातलेली पांढरी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सरोजिनीवहिनी ओवाळतायत.

"काय गं, झाला गृहप्रवेश? मुहूर्त साधलास ना?"

"दादा, दसऱ्याला मुहूर्त काढावा लागत नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग ऐकलंस कशाला?"

"माझ्यासाठी आजवर कुणी काढला नव्हता, म्हणून."

क्षितिजने तेवढ्यात हॉर्न दाबला. सगळे हसले. "काय म्हणालीस? इथे काही ऐकू येत नाहीये," दादा ओरडून म्हणाला.

"काही नाही," उल्का म्हणाली. "लिंबू नीट ठेवा चाकाखाली."