राणीचा डावा हात

गेल्या मंगळवारी आमच्या संग्रहालयात एक म्हातारं जोडपं रिकामी पेटी घेऊन आलं. मी इथे भंडाऱ्यात नोंदी ठेवायचं काम करते. लोक आमच्याकडे वस्तू द्यायला येतात, परत न्यायला क्वचितच...

ते जोडपं म्हणजे करडी गावचे सोमाजीबाबा आणि अंजनाआजी. मोहाडीच्या बाजारापासून नाकाडोंगरीपर्यंत गावोगाव त्यांनी बाहुल्यांचा खेळ केला. बाबा पडद्यामागे उभे राहून वरून दोऱ्या हलवायचे, अंजनाआजी समोर बसून ढोलकी वाजवायच्या. आता बाबांचे गुडघे गेले आणि खेळ थांबला.

त्यांच्या घरची रीत अशी, की खेळ बंद पडला की बाहुल्या वैनगंगेत सोडायच्या. आम्ही कशाबशा त्या मागून आणल्या. बाबांची अट एकच... काचेत कशा दिसतात ते बघणार, नाही पटलं तर पेटीत भरून थेट नदीवर.

म्हणून ती पेटी. मी वरवर शांत होते, पण धाकधूक होतीच.

बाबा आले ते सरळ बाहुल्यांच्या काचेच्या कपाटामागे जायला लागले. सवय, दुसरं काय... मागे भिंत. आजींनी बाहीला धरून त्यांना पुढे आणलं. "आता तरी समोरून पाहा जी."

जन्मभर खेळ केला, पण तो समोरून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बराच वेळ ते राणीच्या बाहुलीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिचा डावा हात खाली हाय."

"चाळीस वर्षापासून तेच सांगून राहिली मी," आजी म्हणाल्या. "तुमी म्हनत, वरून बराबर दिसते."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, काच उघडता का?"

गेल्या बाहुल्या, असंच वाटलं मला. पण अजून त्या त्यांच्याच होत्या, नाही कसं म्हणणार... उघडली. बाबांनी राणीला बाहेर काढलं नाही. डाव्या हाताची दोरी बोटभर आखूड केली, गाठ मारली आणि दोन पावलं मागे सरकून आजींकडे पाहिलं.

"आता झालं," आजी म्हणाल्या.

जाताना बाबा पेटीही ठेवून गेले. "रिकामी कायले नेऊ?"

राणीच्या नोंदीत मी आधी लिहिलं होतं, 'डावा हात लोंबलेला. कलाकार: सोमाजी.' त्याखाली एक ओळ वाढवली, 'दुरुस्ती कलाकाराने स्वतः केली, अंजनाबाईंच्या सांगण्यावरून.' आजींचं नाव रजिस्टरमध्ये आलं ते असं... तोवर मला ते सुचलंही नव्हतं, याची जरा लाजच वाटली.