पत्रा कमी, हौस जास्त

दसऱ्याला अंगणातल्या जुन्या गाडीला झेंडूचा हार घातला आणि बंपरवर नारळ आपटला. नारळाला तडासुद्धा गेला नाही, बंपर मात्र निखळून पायाशी पडला.

"देवानंच कौल दिला," बायको म्हणाली. "आता तरी भंगारात द्या."

मी दत्तू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीच्या तळात स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तो थेट मातीत रुतला. "भाऊ, हिच्यात पत्रा कमी आणि तुमची हौस जास्त."

अहो, याच गाडीतून आम्ही चौदा वऱ्हाडी आणि अख्खा रुखवत घेऊन घाट चढलो होतो. वाटेतले ट्रक अदबीनं बाजूला व्हायचे. तिला निकामी कसं म्हणू? ज्याची दुरुस्ती करायचा कंटाळा येतो, त्यालाच माणसं निकामी म्हणतात. गंज पत्र्याला नंतर चढतो, आधी चढतो तो आपल्या उत्साहाला.

"सगळाच पत्रा बदलावा लागेल," दत्तू म्हणाला. "मग जुनी गाडी उरली कुठं?"

"चालवणारा जुनाच आहे की," मी म्हटलं आणि बायकोच्या देखत किल्ली त्याच्या हातावर ठेवली.