खर्ड्याची नऊ पाने

शाळेच्या त्या बैठकीचा एक नियम होता. पहिली दहा मिनिटे पालकांनी बोलायचे नाही. मूल आपले काम उघडून दाखवील, चूक कुठे झाली आणि ती कशी सुधारली ते सांगेल. पालकांनी ऐकायचे. नियमाचा हा कागद आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या घरी फ्रिजवर महिनाभर लावलेला होता.

मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाचा डिजिटल पोर्टफोलिओ सहावीपासून असे. शाळेच्या ॲपवर वहीच्या पानांचे फोटो, गणित सोडवताना मोठ्याने बोललेले रेकॉर्डिंग आणि खाली मुलाच्या दोन ओळी: काय जमले, काय नाही. दहावीला गणित स्टँडर्ड, म्हणजे अवघड, घ्यायचे की सोपे बेसिक, याची शिफारस गणिताच्या शिक्षिका करणार होत्या. पुढे अकरावीत गणित हवे असेल तर स्टँडर्ड लागणार होते. मुलीला ते हवे होते. सप्टेंबरच्या चाचणीत ती जेमतेम पास झाली होती, नंतर सावरली होती, पण नुसत्या गुणांवर तिचे नाव त्या यादीत बसत नव्हते. शिक्षिकेने तिला सांगितले होते, "मार्क्स मैंने देख लिए, बेटा. अब मुझे ग्रोथ दिखाओ."

मी अनेक वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. तिथे बातमीचा खर्डा वाचकाला दाखवत नाहीत. कापतात, दुरुस्त करतात, छापतात, आणि खर्डा टोपलीत जातो. दिवाळीच्या सुमारास मुलगी वहीच्या एका खोडाखोड केलेल्या पानाचा फोटो काढत होती, तेव्हा मी तिला म्हटले, "हा तर कच्चा खर्डा आहे. नीट उतरवून मग टाक."

"खर्डा? मिरचीचा?"

"मिरचीचा नव्हे. पक्कं करण्याआधीचं लिखाण."

"अच्छा, रफ! मग रफ म्हण ना यार."

"आईला यार म्हणतात?"

"सॉरी. पण मॅमना रफच हवंय, आई. बिल्कुल रफ."

हे तिने मला सांगितले होते, आणि मी ऐकले होते. पुढे जे झाले ते माहिती नव्हती म्हणून झाले नाही.

जानेवारीत थंडीच्या सुट्टीत एका दुपारी ती खाली बॅडमिंटन खेळायला गेली होती. मी तिचा नववीच्या गणिताचा पोर्टफोलिओ उघडला. पासवर्ड सहावीत शाळेने पालकांच्या फोनवर पाठवला होता, तो कुणी बदलला नव्हता. सप्टेंबरचे पहिलेच पान: नऊचे वर्गमूळ अधिक सोळाचे वर्गमूळ बरोबर पंचवीसचे वर्गमूळ, म्हणजे पाच. खाली तिचे रेकॉर्डिंग होते. ती अडखळत होती, मध्येच "नाही, थांबा" म्हणत होती. अशी नऊ पाने होती. मी नऊही काढून टाकली. नोव्हेंबरपासूनची स्वच्छ पाने राहू दिली, त्यांतल्या दोन ओळींतले शब्दही सुधारले. पंधरा मिनिटे लागली. घरी कुणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही केले आहे असे वाटले नाही.

बैठक फेब्रुवारीतल्या एका शनिवारी अकरा वाजता होती. ॲपमध्ये नवे काम वर दिसे, म्हणून तोपर्यंत तिने खालची जुनी पाने पाहिलीच नव्हती. त्या दिवशी सकाळी आठ वाजता ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन तयारीला बसली आणि अगदी खालपर्यंत गेली.

"बाबा, सप्टेंबर नाहीये."

"कॅलेंडर नवीन आणू का?" तिचे वडील चहा ओतत म्हणाले.

"चेष्टा नको ना! माझी पानं नाहीत. सगळी चुकीची पानं गायब आहेत. मी मॅमना काय दाखवू?"

तिचे वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. ते खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "आमच्याकडे फायलीतलं टिपणीचं पान, नोटशीट, फाडलं तर चौकशी लागते," ते म्हणाले. "चुकीचं लिहिलं असलं तरी रेघ मारायची, खाली सही करायची. पान मात्र जागेवर राहिलं पाहिजे. तुझ्या ॲपचा सेक्शन ऑफिसर कोण आहे?"

ती हसली नाही. मी "बघते" म्हणून लॅपटॉप आत नेला. काढून टाकलेली पाने तीस दिवस कचरापेटीत राहतात, असे तिथे लिहिले होते. तीस दिवस होऊन गेले होते. पेटी रिकामी होती. मी बाहेर येऊन म्हणाले, "मिळत नाहीत." वाक्य खरे होते. त्यात करणाऱ्याचा उल्लेख नव्हता.

सप्टेंबरची रफ वही संपल्यावर वर्तमानपत्रांच्या रद्दीत गेली होती. तरीही तिचे वडील गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेले गठ्ठे सोडू लागले. ते शोधत राहिले, आम्ही दोघी ई-रिक्षाने निघालो. रस्ता वीस मिनिटांचा. ती पूर्ण वेळ पुटपुटत होती: "सर्व्हर एरर म्हणू? की माहीत नाही म्हणू?" मला सांगायला वीस मिनिटे होती. मी तिला मफलर नीट गुंडाळ म्हणाले.

वर्गात शिक्षिका एकट्याच होत्या. मुलीने पोर्टफोलिओ उघडला आणि स्वतःहून सांगितले की सुरुवातीची पाने दिसत नाहीत, का ते माहीत नाही. शिक्षिकेने आपला टॅब पुढे ओढला. कोणी काय टाकले, काय काढले, याची नोंद ॲप ठेवत असे आणि ती फक्त शिक्षकांना दिसे. हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

"एरर नहीं है," त्या म्हणाल्या. "डिलीट हुआ है. जनवरी में. तुम्हारे ही अकाउंट से."

"मैंने नहीं किया, मॅम."

"बेटा, नौ के नौ गलत वाले. और किसको पता था कौन से गलत हैं?"

मुलीचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे पाहिले नाही; हे मी केले असेल असे त्या क्षणापर्यंत तिच्या मनात आलेही नसावे. भिंतीवरच्या घड्याळात बैठक सुरू होऊन चार मिनिटे झाली होती.

"मॅडम, मुझे बोलना नहीं है, मालूम है," मी म्हणाले. "ये मैंने किया है."

"आपने? क्यों?"

"गलत थे, इसलिए."

"हाँ जी. इसीलिए तो रखवाए थे."

मुलगी माझ्याकडे वळली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "सकाळी का नाही सांगितलंस?" उत्तराची वाट न पाहता ती पुन्हा शिक्षिकेकडे वळली.

शिक्षिकेने टॅब उलटा ठेवला. "मैं मान लेती हूँ. पर लिखूँ किस बेसिस पर? मेरे पास दिखाने को कुछ नहीं है."

"मला आठवतात," मुलगी म्हणाली, आणि मग भान येऊन हिंदीत, "मॅम, मुझे याद हैं. लिख दूँ?"

ती फळ्याकडे गेली. पहिले पान तिने जसेच्या तसे उतरवले, पंचवीसच्या वर्गमुळासकट. मग चुकीवर रेघ न मारता शेजारी तीन अधिक चार, सात लिहिले. तिने हिंदीत समजावले: नऊ चौकटींच्या फरशीची बाजू तीन, सोळा चौकटींच्या फरशीची चार, दोन्ही शेजारी ठेवल्या तर कडा सात भरते, मग पाच कशी होईल? हे तिला ऑक्टोबरमध्ये बाथरूमच्या फरशीकडे बघताना सुचले होते. त्याच घरात असून मला हे माहीत नव्हते. दुसरे, कंस सोडताना चिन्ह न बदललेले समीकरण. तिसरे, आलेखावर चुकीच्या अक्षावर बसवलेला बिंदू. प्रत्येक चूक आधी, मग ती का झाली ते. सहावी लिहून झाल्यावर खडू थांबला.



"बाकी तीन याद नहीं आ रहे," ती म्हणाली. मग फळ्याकडे बघतच, "शायद वही हैं जो मुझे अब भी नहीं आते."

हे वाक्य तिने उच्चारले नसते तर बरे, असे मला वाटले. डेस्कवर मी ते कापले असते.

शिक्षिकेने टॅब सरळ केला आणि बराच वेळ लिहिले. "स्टँडर्ड लिख रही हूँ," त्या म्हणाल्या, "अप्रैल के टेस्ट तक. तब तक वो तीन ढूँढ के लाओ. और बोर्ड की फोटो खींचो, पोंछना मत."

तिने फोटो काढला. परतताना ती ई-रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसली.

रद्दीत वही सापडली नव्हती; ती तीन पाने शोधायला तिला तीन आठवडे लागले. सप्टेंबरची पुस्तकातली गणिते तिने एकेक करून परत सोडवली. जी पुन्हा चुकली, ती तीन धरली. एप्रिलच्या चाचणीनंतर शिक्षिकेचा शेरा कायम झाला.

बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी तिने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एक दुवा आला. त्यातून पोर्टफोलिओ उघडतो, पण मला फक्त पाहता येते. सर्वांत वर एक नवे फोल्डर आहे, त्यात फळ्याचा फोटो आणि ती तीन पाने. फोल्डरला तिने देवनागरीत नाव दिले आहे: खरडा. मी जोडाक्षर सुधारायला गेले. बोट दाबले तरी काही होत नाही.