उत्तरेची भिंत

खड्ड्यात उतरलं की कामाला हात लावण्याआधी वेणीमाधवकाका भिंतींना टकटक करायचे. बाजारात माठ वाजवून घेतात तशी, उजव्या हाताची दोन बोटं दुमडून. आधी पूर्वेची भिंत, मग दक्षिणेची, पश्चिमेची आणि शेवटी उत्तरेची. मध्ये थांबून कान द्यायचे. घट्ट माती उत्तर देते, असं ते म्हणत. सैल झालेल्या मातीत आवाज आत जाऊन बसतो, परत येत नाही.

एकतीस वर्षं त्यांनी हे रोज केलं.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रामघाटाच्या वरच्या गल्लीत आमची दोन घरं समोरासमोर आहेत, इतकी जवळ की काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या आमची आई मोजते. घराणं वेदपाठी. आजोबांनी दोन्ही मुलांना पाठशाळेत घातलं. वडील तिथेच रमले. काकांचा हात चित्राकडे वळला आणि ते उत्खननाच्या खात्यात नक्शे काढायला लागले. काशीच्या आसपास जुनी वस्ती जमिनीखाली जिथे जिथे सापडते, तिथे चौकोनी खड्डा घेतात. त्या खड्ड्याच्या भिंतीत थर दिसतात. माती कुठे पिवळी, कुठे राखाडी, कुठे विटांचा चुरा, कुठे जळक्या लाकडाची काळी रेघ. भिंत दिसते तशी कागदावर उतरवायची, रेघ न् रेघ, हे काकांचं काम. खड्डा पुढे बुजवला जातो. कागद राहतो.

घरात थट्टा व्हायचीच. दहा पिढ्या गंगेकाठी स्वर्गाची वाट दाखवत आल्या आणि आमचा वेण्या खड्ड्यात गेला, असं वडील दर दिवाळीला म्हणायचे. शरदिनीकाकूंचा टोला वेगळा असे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या चुली मोजता, इथली शेगडी दोन महिने बिघडलेली आहे ती कधी बघणार. काका हसायचे. वडिलांची ती थट्टा आता घरात कोणी करत नाही.

काका भित्रे होते. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनीही कधी लपवलं नाही. मुन्शी घाटावरून परतताना बाकीचे नावेत बसले तरी ते चालत यायचे. लिफ्टमध्ये जायचे नाहीत. आणि अशा माणसाने आयुष्यभर वीस-वीस फूट खोल उतरून काम केलं. एवढ्या वर्षांत सवय नाही झाली का, असं मी एकदा विचारलं होतं.

“नाही झाली बुवा,” ते म्हणाले, आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

गेल्या हिवाळ्यात ते मला शेवटच्या जागेवर घेऊन गेले. वरुणेपलीकडे एक टेकाड आहे. तिथले लोक त्याला नुसतं डीह म्हणतात, म्हणजे उजाड झालेली जुनी वस्ती. टेकाडाच्या पायथ्याशी निंबाखाली डीहबाबाचं ठाणं आहे, मातीचे चार घोडे आणि एक शेंदूर लावलेला दगड. खणणाऱ्या बाया सकाळी तिथे पाणी शिंपडून वर येतात. टेकाडाच्या माथ्यावर खड्डा होता. दक्षिणेच्या बाजूला मातीतच कोरलेल्या बारा पायऱ्या, अरुंद, एका वेळी एकाच माणसाने चढायच्या. काका उलटे, भिंतीकडे तोंड करून उतरले. मी मागोमाग.

खाली उभं राहिलं की आकाश चौकोनी दिसतं. बाहेरचे आवाज येतात, पण दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. काका थर दाखवत होते. वरचा हातभर नांगरटीचा, त्याखाली छोट्या विटांचं गाव, त्याखाली तळहाताहून मोठ्या विटांचं, त्याखाली विटाच नाहीत, नुसत्या खांबांच्या खळग्या. प्रत्येकाला वाटलं असेल आपण जमिनीवर राहतो आहोत, मी म्हटलं. काकांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष एका जागी होतं. कमरेच्या उंचीवर अर्धी चूल दिसत होती. तिच्या आतल्या लिंपणावर कुणाची तरी चार बोटं फिरलेली होती. ओल्या मातीवरून वर नेलेली आणि शेवटी जरा वळवलेली. माझी आई ओटा पुसताना हात असाच वळवते. चुलीत राख होती आणि राखेत जळके दाणे. कुणी काढून घेतलेले नव्हते.

ती चूल सापडली त्या दिवशी काका जेवले नव्हते. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, स्वयंपाक अर्धा राहिला होता त्यांचा.

त्यांना एक भीती मातीची होती आणि दुसरी चूक होण्याची. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जागी त्यांनी दोन थरांचा एकच थर कागदावर काढला होता. मध्ये राखेची रेघ होती, सुताएवढी, वाळलेल्या भिंतीत ती दिसलीच नाही. अहवाल छापून आला. पुढे कुणीतरी दाखवून दिलं की तिथे गाव एकदा जळलं होतं आणि लोकांनी त्यावरच पुन्हा घरं बांधली होती. काकांना कुणी बोललं नाही. पण तो अहवाल त्यांनी घरात आणला नाही. एक अख्खी आग माझ्या हातून निसटली, असं ते काकूंना म्हणाले होते.

तेव्हापासून ते पाणी वापरू लागले. तसं ते सगळेच वापरतात. वाळलेली भिंत एकाच रंगाची दिसते, पंपाने हलकं पाणी फवारलं की थर उमटून येतात. तेवढ्यात रेघा बघायच्या, खिळ्याने खुणा करायच्या, वाळायच्या आत फोटो. काकांचा हात मात्र पाण्याला सढळ झाला होता.

डीहवरची उत्तरेची भिंत काही केल्या बोलत नव्हती. माती वाळूमिश्रित, फिकी. फवारलं की क्षणभर रंग यायचा आणि जायचा. काकांना तिथे मधोमध एक रेघ दिसली होती आणि पुन्हा दिसत नव्हती. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चढू लागलं होतं. फोटोग्राफर यायचा दिवस ठरला. काकांनी सलग तीन संध्याकाळी त्या भिंतीवर पाणी मारलं आणि ओल टिकावी म्हणून गोणपाटं भिजवून वरून सोडली.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी काकूंकडे बसले होते. रेघ उमटली, त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांचा चेहरा आनंदलेला नव्हता. काकूंनी विचारलं तर म्हणाले, पाणी जास्त झालं बहुतेक, भिंत वाजत नाही. मग स्वतःच म्हणाले की ओली माती वाजत नाहीच, त्यात काय. काकू म्हणाल्या, साहेबांना सांगून टाका, दोन दिवस खाली कुणाला उतरू देऊ नका. काका नखांतली माती काढत राहिले. तीन दिवस सांगितलं नाही आणि आता सांगायचं, म्हणजे एकतीस वर्षांचा माणूस पाणी किती मारायचं ते विसरला, असं सांगायचं. ते तसं बोलले नाहीत, पण काकूंना कळलं. मलाही.

“उद्या काठाला दोरी बांधतो,” ते म्हणाले. “वरून कुणी जाणार नाही.”

“आणि खालून?” काकूंनी विचारलं.

“खाली काय, खापरं वेचायला एकटी अंबिका असते. तिला सांगतो.”

सकाळी त्यांनी दोरी बांधली. खुंट्या ठोकून, उत्तरेच्या काठापासून दोन हात सोडून. गोणपाटं काढली. थर सुंदर दिसत होते म्हणे, फोटोग्राफर खूश झाला आणि दहा वाजता निघून गेला. साहेब त्याला सोडायला शहरात गेले. काका दक्षिणेच्या काठावर पाटावर कागद ताणून नक्शा काढायला बसले. अंबिकेला सांगायचं राहून गेलं, की धीर झाला नाही, हे आम्हाला माहीत नाही. एवढं माहीत आहे की बांबूची शिडी उत्तरेच्या भिंतीला टेकलेली होती, कारण खाली काम चाललं होतं ती विहीर त्याच बाजूला होती. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेली जुनी विहीर, तिच्यातून खापरं निघत होती.

दुपारी पावणेएकला भिंत खाली आली.

आम्हाला फोन आला तेव्हा काकू मंगला गौरीच्या देवळातून नुकत्या परतल्या होत्या. त्या पायात चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या आणि कुठल्या दिशेला जायचं ते त्यांना कळेना. पुढचं मी लिहीत नाही. काकांचा नक्शा वर काठावर सापडला. तीन भिंती पुऱ्या होत्या, उत्तरेची अर्धी. रेघ मात्र त्यांनी काढून ठेवली होती, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तेराव्यानंतर अंबिका आली. चाळिशीची बाई, डीहच्या पायथ्याच्या गावातली, चार हंगाम काकांच्या हाताखाली खापरं वेचलेली. त्यांच्या टकटकीची ती नक्कल करायची, काका घरी येऊन सांगायचे. पंडितजी, दरवाजा खुला है, भीतर आ जाइए, असं म्हणायची. आमच्याकडे आली तेव्हा जिन्यातच बसून राहिली. काकूंनी हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं आणि एकच गोष्ट विचारली. ते घाबरले होते का.

अंबिकेने खोटं सांगितलं नाही. “बहुत,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. बाकीचे सगळे निंबाखाली जेवायला गेले होते. एवढी टोपली भरून मग जाते, असं म्हणून ती विहिरीपाशी थांबली होती. काका समोर वर बसले होते, तिला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मग पाय दिसेनासे झाले. काय दिसलं त्यांना ते तिला नंतर समजलं. उत्तरेच्या काठावर, दोरीच्याही मागे, जमिनीत एक चीर पडली होती. त्यांनी वरून हाक मारली असती तर ती जवळच्या शिडीकडे धावली असती, आणि शिडी त्याच भिंतीला होती. त्यांनी हाक मारली नाही. चपला काढून ते पायऱ्यांनी खाली आले.

तिला वाटलं टोपली बघायला आले. ओठ कोरडे पडले होते. दोन्ही हात त्यांनी खिशात घातले होते. हळू आवाजात म्हणाले, टोपली तिथेच ठेव. शिडीला हात लावू नकोस. माझ्या बाजूच्या पायऱ्यांनी वर जा, धावायचं नाही. काय झालं, तिने विचारलं. काही नाही, फोटो घ्यायचाय, ते म्हणाले. फोटो सकाळीच झाला होता हे तिला माहीत होतं. तरी ती उठली, आणि खुरपी राहिली म्हणून मागे वळली. तेवढ्यात वरून पसाभर माती टोपलीत पडली, चाळणीतून पीठ पडावं तशी. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं. तिचे पाय जागचे हलेनात.

तेव्हा काकांनी तिला विचारलं की आज डब्यात काय आणलं आहेस.

तिला ते वेडेपणाचं वाटलं. पण विचारलं म्हणून तिने सांगितलं, मटारचा निमोना आणि भात. ते म्हणाले, चढता चढता सांग. मटार घरचा की बाजारचा? घरचा. कुणी वाटला? सासूने. पाट्यावर की मिक्सरमध्ये? एकेका प्रश्नाला ती एकेक पायरी चढत गेली. पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस, म्हणून ते खालीच उभे राहिले, भिंतीकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड. मी मागे बघू नये म्हणून बोलत राहिले असणार, ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. लसूण घातलास का, त्यांनी विचारलं. हो, भरपूर, ती म्हणाली. तेव्हा ती दहाव्या पायरीवर होती, काठाचं गवत हाताला लागलं होतं. आणि रोज दुपारी डबे उघडल्यावर बोलावं तसं खालून काका म्हणाले,

“हमारे यहाँ निमोने में लहसुन नहीं पड़ता, हींग पड़ती है. एक बार बनाकर देखना.”