बोरखेड मतदारसंघातला माझा मेहुणा

कुणाला मेहुणा सासऱ्याकडून मिळतो, कुणाला चुलतसासऱ्याकडून, पण विधानसभेच्या मतदारसंघाकडून मेहुणा मिळालेला अख्ख्या हिंदुस्तानात मी एकटाच माणूस असेन. माझ्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता. हा माणूस ना तिच्या गावचा, ना जातीचा, ना पाहुण्यांतला. तिचं निंबगाव आणि त्याचं गाव यांच्यामध्ये एक नदी, तीन-चार डोंगर आणि दिवसाला एकच एसटी. पण दोन्ही गावं बोरखेड मतदारसंघात होती, आणि त्याच्या हिशोबात एवढं नातं पुरेसं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याची सरकारी गाडी चालवण्यात जन्म गेला. नातं असंही लागतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पहाडगंजला मराठी लोकांच्या गणपतीत तो पहिल्यांदा भेटला. हातात मसालेभाताची पत्रावळ घेऊन रांगेतल्या प्रत्येकाला विचारत होता, "आपण कुठले?" समोरच्याने "नगर" म्हटलं की हा म्हणायचा, "तो जिल्हा झाला. विधानसभा कोणती?" लोक भात सांभाळत पुढे सटकायचे. माझ्या बायकोने मात्र सरळ सांगितलं, "बोरखेड." तो तिथेच थांबला. मागची रांग ओरडायला लागली, "भाईसाहब, आगे चलो," तरी हलेना. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही माझी बहीण." मला वाटलं, माणूस भांग पिऊन आलाय. पण त्या दिवाळीत भाऊबीजेला सकाळीच दारात उभा, हातात सरोजिनी नगरच्या बाजारातली साडी आणि तोंडात, "दाजी, ताई आहेत ना?" साडीचा रंग असा होता की बायकोने ती पुढे दोन पावसाळे गादीवर अंथरली. पण ओवाळलं तिने मनापासून. रात्री म्हणाली, "असू दे. माहेरचं कोणीतरी येतंय."

तेव्हापासून तो येतच राहिला. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात कारकून होता, सरोजिनी नगरच्या क्वार्टरात राहायचा. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण बोलणं सगळं निवडणुकीचं. आपल्याकडे उमेदवार उभा राहतो, पडतो, कुणाच्या सांगण्यावरून बसतो. हा माणूस हे शब्द हिंदीतही तसेच्या तसे नेऊन ठेवायचा. एकदा याचे साहेब, म्हणजे ज्यांच्यासाठी तरुणपणी गावोगाव हिंडला ते उमेदवार, पुन्हा हरले. हा ऑफिसात तोंड पाडून बसला. पंजाबी अधिकाऱ्याने विचारलं तर म्हणाला, "सर, हमारे साहब खड़े थे, पड़ गए." अधिकारी कळवळला, "अरे, बुज़ुर्ग आदमी हैं. चोट तो नहीं आई?" हा म्हणाला, "नहीं सर, डिपॉझिट बच गया." त्या अधिकाऱ्याने पुढे याला कुठलंही जोखमीचं काम दिलं नाही, त्यामुळे नोकरी सुखात गेली.

थंडीत रविवारी आमच्या गच्चीवर ऊन यायचं. खाली पहाडगंजचे हॉर्न, हातगाड्या, हॉटेलवाल्यांची पोरं गिऱ्हाइकाच्या बॅगा ओढतायत, आणि वर हा चटईवर बसून बोरखेडचा इतिहास सांगतोय. पहिले आमदार धोतराचा सोगा धरून पायी फिरायचे आणि ज्याच्या ओट्यावर दिवस मावळेल तिथेच झोपायचे. दुसऱ्यांनी विहिरी काढल्या, त्यातल्या निम्म्यांना पाणी लागलं. तिसऱ्यांनी निंबगावच्या ओढ्यावर पूल बांधला. इथे माझी बायको वाटाणे सोलता सोलता म्हणायची, "पूल नाही भाऊ, मोरी. दोन नळ टाकलेली मोरी." तो म्हणायचा, "ताई, विधानसभेत पूल म्हणूनच मंजूर झालाय." ती म्हणायची, "मंजूर तिकडे झाला असेल. पाय आमचे भिजायचे." हा वाद कधी मिटला नाही आणि मिटावा असं कोणाला वाटतही नव्हतं. मला आमदार-खासदारांचं कौतुक नव्हतं, मी त्यांना जन्मभर गाडीच्या आरशात पाहिलेलं, बहुतेक झोपलेलं. पण त्या दोघांचं ऐकता ऐकता माझेही डोळे मिटायचे, आणि हॉर्न लांब लांब जात शेवटी एसटीचा भोंगा होऊन जायचे. मी कधी न पाहिलेल्या डोंगरामागून ती एसटी येतेय असं वाटायचं. बायको हळूच माझ्या तोंडावर टॉवेल टाकायची, ऊन लागू नये म्हणून.

मग सरकारने मतदारसंघांची नवी आखणी केली, आणि त्यात बोरखेडचे तीन तुकडे होऊन तीन शेजाऱ्यांना वाटून टाकले. नावच गेलं. त्या दिवशी हा आला तो चप्पल न काढता दारातच उभा. मला वाटलं घरात कोणी गेलं. म्हणाला, "ताई, तुमचं निंबगाव नदीपलीकडे गेलं. मी अलीकडे राहिलो. आता आपण एका मतदारसंघातले नाही." बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मग? भाऊबीज काय सरकार ठरवणार आहे? हात धुवा, जेवायला बसा." तो जेवला, पण त्या दिवशी मोरीला पूल म्हणाला नाही, यावरून समजा. पुढेही कोणी विचारलं की तो बोरखेडच सांगायचा. यूपीएससीच्या एका पोराने मोबाईल पुढे करून दाखवलं, "काका, असा मतदारसंघच नाहीये." हा म्हणाला, "मग मी काय आभाळातून पडलो?" मी म्हटलं, "पडलो म्हणू नका, डिपॉझिट विचारतील."

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. ते कसं झालं हे मी सांगणार नाही. तेरा दिवस हा आमच्याकडेच होता. माणसांना चहा दिला, भटजीशी दक्षिणेवरून भांडला, माझ्या पोराला धोतर नेसवलं. तेराव्याचं जेवण झालं, हा चप्पल घालून गेला आणि यायचा थांबला. पोरगा गुडगावला चला म्हणाला, मी नाही म्हटलं. एकटं राहायची मला भीती नव्हती. पण घरात निंबगाव हा शब्द उच्चारणारं कोणी उरलं नाही. पोराला ते गाव फक्त बँकेच्या पासवर्डपुरतं माहीत, नातवंडांना मोरी म्हणजे काय ते सांगायला 'नाली' म्हणावं लागतं. मी गच्चीवर चटई टाकून बसायचो आणि हॉर्न हॉर्नच राहायचे. याला फोन केला की म्हणायचा, "बघतो दाजी." असे कितीतरी बघतो झाले. शेवटी मी मेट्रोत बसलो आणि नोएडाला त्याच्या पोराच्या फ्लॅटवर जाऊन धडकलो.

बाल्कनीत शाल घेऊन बसला होता. वाळला होता. मी सरळ विचारलं, "काय झालंय तुम्हाला? माणूस मेलं की नातं मेलं का?"

तो खालमानेने म्हणाला, "दाजी, तुम्ही साताऱ्याकडचे. मतदारसंघ गेला तेव्हा ताईंनी ठेवून घेतलं म्हणून येत होतो. आता त्याही नाहीत. कोणत्या नात्याने येऊ?" मग म्हणाला, "सभागृहाचा सदस्य गेला की शोकप्रस्ताव होतो आणि कामकाज तहकूब करतात. मी तहकूब केलंय."

आता हा शब्द मला ठाऊक होता. म्हटलं, "मेहुणे, मी संसदेबाहेर गाडी लावून जन्म काढला. तहकूब झालं की साहेब लवकर बाहेर यायचे, मी खूश व्हायचो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना परत तिथेच सोडायला लागायचं. तहकूब म्हणजे बंद नाही. कायद्याचं मला सांगू नका, पेट्रोल मी जाळलंय."

त्याने मान वर केली. मग हसला, आणि हसता हसता शालीने डोळे पुसले. "रविवारी येतो," म्हणाला.

सुनेने चहा आणला. रिकामा कप त्याने खाली ठेवला. मग तो म्हणाला, "एक गोष्ट ताईंना कधी विचारली नाही. धीर झाला नाही." तरुणपणी तो एका निवडणुकीत साहेबांचा पोलिंग एजंट म्हणून निंबगावच्या शाळेत बसला होता. दुपारी रांग ओसरल्यावर एक नवी नवरी मतदानाला आली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. दुसऱ्या पक्षाच्या एजंटाने हरकत घेतली, हिचं लग्न झालं, ही आता इथली नाही. ती म्हणाली, "यादीत नाव आहे ना? मग सरका." आणि बोट पुढे करून शाईची वाट बघत उभी राहिली.

"दाजी, त्या ताईच असतील का हो?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी ती मतदानाला माहेरी गेली होती का, मला आठवेना. गेली असेल. नसेलही. गावात त्या वर्षी नव्या नवऱ्या काय थोड्या असतील. पण ते 'मग सरका' मी स्वयंपाकघरातून इतक्या वेळा ऐकलंय.

मी म्हटलं, "तीच. दुसरं कोण असणार."

त्याने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग हळूच म्हणाला, "साहेब त्या वेळी थोडक्यात पडले. कोणाला दिलं असेल ताईंनी मत?"

"ते तिने मलाही सांगितलं नसतं," मी म्हटलं. मग त्या उंच बाल्कनीत आम्ही दोघं म्हातारे समोरच्या धुरकट उन्हाकडे तोंड करून बसलो. मधले टॉवर हळूहळू विरळ होत गेले. कौलारू शाळा दिसली, दुपारचं रिकामं अंगण दिसलं, आणि ओली शाई वाळावी म्हणून बोट वाऱ्यावर धरून रस्त्याने निघालेली ती.