जावेचे हातमोजे

माझी थोरली जाऊ माणसं हुंगते. मी भाजी चिरत असले तरी मागून येऊन मानेपाशी नाक नेते. लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यात तिनं माझं अत्तर, केसांचं तेल, क्रीम पिशवीत भरून दाराबाहेर ठेवलं. कारण काय, तर बाईसाहेब अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीचे आरसे तपासतात. दिव्याचा ठरलेला उजेड आरशावर टाकायचा, किती परत येतो ते मोजायचं. ही मोजणी पक्की असेल तरच पुढे ताऱ्यांचा उजेड बरोबर मोजता येणार. तेलाची नुसती वाफ आरशावर बसली तरी सगळं मुसळ केरात. मला ती कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते.

सारखे धुऊन तिचे हात भेगाळले होते. रबरी हातमोजे झोंबत, म्हणून आत ती सुती घालायची. ते धुवायचं काम अर्थात माझं.

दुर्बीण रवाना व्हायच्या तोंडावर एका आरशावरून उजेड कमी परत आला. शोधाशोध झाली, आणि तिच्या सुती हातमोज्यांत तेलाचा अंश सापडला. ती दारातूनच ओरडत आली, "काय टाकलंस धुताना? जळतेस माझ्यावर!"

"तुमची धुणी धुते, वर हे ऐकायचं?" मी बादली आपटली. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हातात मलमाची डबी होती.

"तिला नको बोलूस. मीच मोज्यांना आतून जरासं चोळलं होतं गं, मग पुसूनही काढलं. तुझे हात बघवत नव्हते मला."

जावेनं डबी त्यांच्या हातातून घेऊन झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात सांगितलं, "मलम मीच लावलं." सासूसाठी खोटं बोलली. माझी माफी मागायला मात्र जीभ रेटली नाही. आरसा साफ झाला, शेवटची मोजणी दुसऱ्याच कुणी केली, दुर्बीण गेली. हिला आता आरशांपासून काढून टेबलाशी बसवलंय.

सासूबाई रोज डबी उघडून तिच्यासमोर बसतात. ती हात मागे घेते.

परवा मी मुद्दाम अत्तर फासून तिला खेटून उभी राहिले. म्हटलं, आता तरी भांडेल. तिनं हुंगलंसुद्धा नाही.