बाई ओहोटीला बसल्यात

फोन आला तेव्हा मी मागच्या दारी बांगडे साफ करत होतो. शाळेतला शिपाई गणपत बोलत होता. “दादा, लगेच या. बाई टेबलावर डोकं टेकून बसल्यात, त्या उठत नायत. नि पोरं कुणाला आत सोडत नायत. ओंकारनं मला स्टूल मारलान!” माशाच्या हातांनीच स्कूटर काढली. पोचलो तर व्हरांड्यात अर्धी शाळा जमलेली. मुख्याध्यापक लांबूनच “अरे, शांत व्हा” म्हणत होते आणि गणपतच्या कपाळातून रक्त गळत होतं. दारात ओंकार उभा. दहावीतला मुलगा, पण चौकट भरून टाकणारा. त्याने लाकडी स्टूल पायाला धरून डोक्यावर उचललं होतं आणि त्याच्या मागे वर्गातली बाकीची सगळी मुलं भिंतीसारखी उभी होती. मला बघून तो म्हणाला, “काका, पुढं येव नका. बाई ओहोटीला बसल्यात.”

हे वाक्य व्हरांड्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. त्या मुलांनी मधली सुट्टी संपल्यापासून अजिबात आवाज न करता माझ्या बहिणीची राखण केली होती. ती गेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, बसल्या जागी क्षणात झालं असणार, कुणी काही करू शकलं नसतं. हे मी त्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, आणि इथेही मुद्दाम सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण. गेलेल्या माणसाला आपण शांत आणि मनमिळाऊ म्हणतो. अक्का यातलं काहीही नव्हती. माझ्या डाव्या भुवईत जी फट आहे ती तिने फेकलेल्या करवंटीची. लग्नाआधी बायकोला मी ती क्रिकेटमधली म्हणून सांगितली होती. अक्काने पहिल्याच दिवाळीला खरं सांगून टाकलं, वर “नेम चुकला, नाहीतर डोळाच गेला असता याचा,” असं अभिमानाने जोडलं. कबड्डीत ती चावायची. अशा बाईच्या हातात सरकारने मुलं का दिली, हे कोडं आमच्या घरात बरीच वर्षं होतं.

तिचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला. पाटीवर ‘अध्ययन-कौशल्य वर्ग’, इतर मुलांच्या तोंडी ‘मोडका डबा’. वाचताना ज्यांची अक्षरं जागेवर राहत नाहीत, ज्यांना आकडे धरता येत नाहीत, ज्यांना एका जागी बसणं म्हणजे शिक्षा, अशी आठवी ते दहावीची मुलं रोज थोडा वेळ तिच्याकडे यायची. ती विषय शिकवत नसे. अभ्यास कसा करायचा ते शिकवायची. धडा चित्रांत कसा मांडायचा, प्रश्नपत्रिका अंगावर आली की आधी कुठे बघायचं, असं. “हे काय शिकवायचं असतं?” असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “तुला कुणी शिकवलं असतं तर बारावी दोनदा केली नसतीस, बंड्या.” मग मी विषय बदलला. विमा एजंटाला विषय बदलता येतो.

पण आधी तिला मुलांचा राग निस्तरावा लागायचा. पहिलीपासून ‘ढ’ ऐकलेली, हातावर पट्ट्या मोडून घेतलेली मुलं ती. बाकं उलटी व्हायची, काच फुटायची; एकाने कंपासचं टोक तिच्या दंडात घुसवलं होतं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा हात काळेनिळे असायचे. तिला तो राग ओळखीचा होता, माझी भुवई साक्षीला आहे. त्यातूनच तिचे नियम निघाले. रागाची भरती आली की बाकावर डोकं टेकायचं आणि ओहोटी लागेपर्यंत उचलायचं नाही. टेकलेल्याला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. हा नियम तिलाही लागू. तपासणीला आलेले एक साहेब “असली पोरं” म्हणाले, तेव्हा तिने त्यांच्यासमोर टेबलावर डोकं टेकलं. साहेब चहा पिऊन गेले तरी उचललं नाही! दुसरा नियम, जो फेकेल त्यानेच जोडायचं. त्या स्टुलाला म्हणूनच लाकडापेक्षा खिळे जास्त. आणि तिसरा अभ्यासाचा: मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. चार तुकडे कर, एक तुकडा धर.

गेल्या वर्षी ओंकारचे वडील वर्गात घुसले त्या दिवशी मी अक्काचा विसरलेला डबा द्यायला गेलो होतो. ते आंब्याचा टेम्पो चालवतात. पोराने शाळा सोडून टेम्पोवर क्लीनर म्हणून यावं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ओंकारला दहावी करायची होती. घरी रोज मार चालला होता. तरी पोरगं वर्गात येऊन बसतंच, म्हणून ते कमरेचा पट्टा काढूनच आले. पहिला फटका ओंकारच्या कानावर बसला आणि त्याच्या वहीवर रक्त उडालं. “माज्या पोराला मी मारीन नायतर ठेवीन, तुमच्या बापाचं काय जातंय?”

“माझ्या वर्गात माझ्या बापालाही मारू देणार नाही मी,” म्हणत अक्का मध्ये गेली. त्यांनी तिला ढकललं. तिचं मनगट लोखंडी कपाटावर आपटलं, आणि सुकी फांदी मोडल्यासारखा तो आवाज मी दारातून ऐकला. ती ओरडली, पण वेदनेने नव्हे. “चार तुकडे!”

ज्या मुलांना पाढ्याची पुढची ओळ आठवत नसे, त्यांना हे आठवलं. वर्गातली फरझाना त्यांच्या डाव्या हाताला लोंबकळली. दोघांनी एकेका पायाला मिठी मारली, त्यातल्या एकाने पोटरीचा चावा घेतला, अक्काची शिकवण. राहिला उजवा हात, पट्ट्याचा. तो सपासप चालू होता, फरझानाच्या पाठीवर वळ उठत होते. तो तुकडा कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. ओंकार कान धरून उभा होता... मग त्याने पुढे होऊन बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पिरगाळलं नाही, नुसतं धरून ठेवलं. “पप्पा, बस झालं.” आणि सोडलं नाही.

मीही शौर्य गाजवायला छत्री उगारून धावलो होतो. पण उरलेल्या मुलांना मी बापाचा साथीदार वाटलो. माझे चार तुकडे करायला दोघंच पुरले. जमिनीवर, डोक्यावर भेंडीची भाजी अशा अवस्थेत मी पुढचं पाहिलं. अक्का लोंबणारं मनगट पोटाशी धरून म्हणाली, “दहावीची परीक्षा देईपर्यंत ओंकार इथेच बसणार. आता तुम्हीही बसा. डोकं टेका.” पायांवर दोन मुलं बसलेली, तो माणूस दुसरं काय करणार? त्याने टेकलं. अक्काने पोलिसांत तक्रार दिली, डाव्या हाताने सही करून. नंतर ओंकारचे वडील त्याला फाटकापर्यंत सोडायचे, आत पाऊल टाकत नसत.

त्याच ओंकारला मला त्या दुपारी दारात सांगावं लागलं. मी म्हटलं, “बाळा, ही ओहोटी नाही रे.” मग त्याने स्टूल भिंतीवर असं हाणलं की पाय तुटून व्हरांड्यात आला, आणि तो त्या गर्दीतून वाट काढत निघून गेला. नंतर तो शाळेत आलाच नाही. तेराव्याला फरझाना सांगून गेली, “काका, त्याचे पप्पा बोलतात, आता बाई नाय तर शाळा कशाला. टेम्पोवर नेतात त्याला.” मी काय करणार होतो? मी काही अक्का नव्हे. दोनदा त्यांच्या घराच्या वळणापर्यंत गेलो आणि परतलो.

परवा अक्काचं सामान आणायला वर्गात गेलो. शाळा सुटलेली होती, तरी आतून ठोकल्याचा आवाज येत होता. ओंकार जमिनीवर बसला होता, तोंडात खिळे, समोर तीन पायांचं स्टूल. गणपत शेजारी बसून, कपाळावरच्या खुणेसकट, त्याला “तिरका मार, तिरका,” असं शिकवत होता. ओंकारचा ओठ फुटलेला होता, ताजा. मी ओठाकडे बघितलं. त्याने खिळे हातात काढले.

“मी फेकलेलं, काका. माजं होतं जोडायचं.”

“आणि पप्पा?”

“सांगितलं त्यांना. उद्यापासून येणार मी.” त्याने तुटका पाय जागेवर टेकवला. तो हलत होता. “तसे उभे नका राहू. एक पाय धरा.”

मी खाली बसलो आणि धरला.